न वाचलेल्या तीन सकाळी

माझ्या परसात, माडांच्या सावलीपासून जरा हात राखून, एक पांढरी लाकडी पेटी चार पायांवर उभी आहे. चारही बाजूंना खिडकीच्या झडपेसारख्या तिरक्या पट्ट्या. वारा आत जातो, ऊन जात नाही. आत तापमापक टांगलेला. पेटीपासून पाच-सहा पावलांवर पर्जन्यमापक, म्हणजे वर नरसाळं आणि खाली पाणी साठवणारी बाटली. पहिल्यांदा आलेला पाहुणा त्या पेटीला मधमाश्यांची पेटी समजतो आणि लांबून जातो. शेजारच्या काकीची कोंबडी तिला खुराडं समजते आणि जवळ येते.

रोज सकाळी साडेआठ वाजता मी ती पेटी उघडतो. कालपासून आजपर्यंत सर्वांत जास्त तापमान किती, सर्वांत कमी किती, पाऊस किती, हे वहीत लिहितो आणि फोनवरून एका ओळीचा ईमेल पाठवतो. हवामानाच्या नोंदी गोळा करणारं एक जाळं आहे. ठिकठिकाणचे माझ्यासारखे हौशी लोक तिकडे असे मेल पाठवतात. पलीकडे यंत्र आहे. ते ओळ वाचतं आणि मिनिटभरात उत्तर देतं: "नोंद मिळाली. धन्यवाद." मी हायस्कुलात क्लार्क आहे. इतक्या वर्षांच्या नोकरीत इतक्या नेमाने मला दुसऱ्या कोणी धन्यवाद म्हटलेलं नाही.

सुरुवातीला मात्र त्या यंत्राने मला फार छळलं. पहिल्या दिवशी मी लिहिलं, "सप्रेम नमस्कार, विनंती विशेष. काल रात्री आमच्याकडे पाऊस बरा झाला." उत्तर आलं: "नोंद समजली नाही." दुसऱ्या दिवशी नमस्काराच्या जागी साष्टांग दंडवत घातला. तरी समजली नाही. बायको मागे उभी राहून वाचत होती.

"अवो, मशिनीक दंडवत घालतास? ती काय देवी आसा?"

ज्यांनी हे काम माझ्याकडे सोपवलं होतं त्या सरांना मी फोन केला. ते म्हणाले, "नमस्कार काढ. केंद्राचा क्रमांक, तारीख, आकडे. बस्स." मी नमस्कार काढला तेव्हा कुठे यंत्र प्रसन्न झालं. पण विना-नमस्काराचं पत्र पाठवताना आजही मला चुकल्यासारखं वाटतं.

चुकल्यासारखं वाटणं हा माझा जुना रोग आहे. शाळेत गुरुजींनी "खडू कोणी चोरला?" असं विचारलं की माझे कान लाल व्हायचे, आणि लाल कान बघून गुरुजी मलाच छडी मारायचे. मी आयुष्यात खडू चोरला नाही. चोरी केली ती पन्नाशीला पोचल्यावर, आणि तेव्हा कान लाल झाले ते कोणी पाहिलेही नाहीत. ती हकीकत मला लिहून ठेवायची आहे.

हे सर आमच्याच हायस्कुलात विज्ञान शिकवायचे. निवृत्तीच्या कितीतरी आधीपासून त्यांच्या परसात ही पेटी होती. पत्नी वारल्यानंतर त्यांच्या मुलीने त्यांना पिंगुळीला आपल्या घरी नेलं. जाण्याआधी त्यांनी चार माणसं लावून पेटी माझ्या परसात आणून उभी केली. सोबत आपल्या जुन्या वह्यांचा एक गठ्ठा दिला. मी विचारलं, "सर, मी कशाला? मला विज्ञानातलं काय कळतं?"

"तू हजेरीपत्रक कधी चुकवलं नाहीस," ते म्हणाले. "इथे तेवढंच लागतं. एक मात्र लक्षात ठेव. जो आकडा डोळ्यांनी वाचला नाही तो लिहायचा नाही. जागा रिकामी राहिली तर राहू दे."

मी मान डोलावली. गठ्ठा कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवला आणि विसरून गेलो.

गावात माझ्या या उद्योगाची चेष्टा व्हायचीच. तिठ्यावरच्या चहाच्या हॉटेलात गेलो की कोणीतरी सुरू करायचं.

"काय रे, काल पाऊस किती पडलो?"

"चौऱ्याऐंशी मिलिमीटर."

"तो आमी भिजान मोजलो. उद्याचो किती पडतलो ता सांग."

"उद्याचो माका ठावक नाय."

"मग फुकटचो डबो कित्याक ठेवलंस परसात? त्यापरास अळू लाव."

मी हसायचो. पण पावसाळ्यात एखादं लग्न किंवा बारसं ठरवायचं झालं की हीच माणसं हळूच येऊन विचारायची, गेल्या वर्षी या आठवड्यात किती होता, त्याच्या आधीच्या वर्षी किती. मी वही काढून दाखवायचो. त्या वेळी मला फार मोठं झाल्यासारखं वाटायचं.

अशी जवळजवळ पाच वर्षं गेली. जाळ्याचं काम पाहणारी एक बाई आहे, दूरच्या शहरात. तिला मी कधी भेटलेलो नाही. एके दिवशी तिचा, यंत्राचा नव्हे तर तिचा स्वतःचा, मेल आला. पाच वर्षांत एकही दिवस न चुकलेली केंद्रं अगदी मोजकी आहेत. त्यांची यादी आम्ही जाहीर करणार आहोत. तुमचे आता बारा दिवस राहिले. मी तो मेल चार वेळा वाचला. मग बायकोला वाचून दाखवला. ती म्हणाली, "बारा दिवस आजारी पडा नकात." मी त्या दिवसापासून थंड पाणी सोडलं.

आणि तिसऱ्या दिवशी देवाचा कौल झाला.

आमच्या आचऱ्यात काही वर्षांनी एकदा गावपळण होते. ग्रामदेवाला कौल लावतात. त्याने हुकूम दिला की ठरलेल्या दिवशी सगळं गाव घर सोडून वेशीबाहेर जातं. माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्रे, मांजरं, सगळी. तीन दिवस तीन रात्री गावात कोणी पाऊल टाकायचं नाही, गाव देवाचं. चौथ्या दिवशी पुन्हा कौल लावायचा आणि त्याने 'या' म्हटलं की परतायचं. का, कधीपासून, याच्या कथा घरोघर वेगळ्या आहेत. पण मनातून सगळे वाट बघत असतात. मुंबईचे चाकरमानी सुट्ट्या काढून येतात. माळावर झावळांच्या खोपी उभ्या राहतात. एरवी कुंपणावरून भांडणारे दोघे एका चुलीवर चहा करतात.

मी लहानपणापासून गावपळणीचा वेडा. त्या वर्षी मात्र कौल झाल्याचं ऐकलं आणि पहिला विचार आला तो पेटीचा. तीन सकाळी. बारातल्या तीन.

निघायच्या दिवशी सकाळी साडेआठला मी शेवटचं वाचन घेतलं. किमान अठराच्या जरा वर. तापमापकाच्या नळीत लोखंडाची बारीक खूण असते. पारा तिला ढकलत नेतो, आणि पारा मागे फिरला तरी खूण तिथेच राहते. म्हणून तर रात्रीची सर्वांत जास्त थंडी सकाळी वाचता येते. वाचून झालं की चुंबकाने खूण परत पाऱ्यावर आणून ठेवायची. मी ती आणून ठेवली, पेटीचं दार लावलं आणि उगीचच पेटीला हात जोडले.

दुपारी नगारा वाजला आणि गाव निघालं. पुढे काकीची गाभण म्हैस, तिच्या पाठी काकी, काकीच्या काखेत ती कोंबडी. बायकोच्या डोक्यावर भांड्यांचं गाठोडं. माझ्या खिशात फोन.

"ता एक खेळणा हयसरच ठेवलात तर काय बिघडतला?" बायको म्हणाली.

मी खिशावर हात ठेवून चालत राहिलो.

पहिली रात्र माळावर छान गेली. उघड्यावर वारा बोचरा होता. दोन गोधड्या पांघरूनही पाय गार. सकाळी उठलो, आणि साडेआठ वाजायला आले तसा मी चुळबुळ करू लागलो. फोनला रेंज फक्त उताराच्या टोकाला एका काजूच्या झाडाखाली यायची. तिथे जाऊन उभा राहिलो. मेल उघडला. केंद्राचा क्रमांक लिहिला, तारीख लिहिली. पुढे लिहायचं होतं: "वाचन नाही." दोनच शब्द.

मी लिहिलं, किमान १५.४.

हा आकडा कुठून आला? गोधडीतून आला. काल अठराच्या वर होतं, आज दात वाजत होते, म्हणजे तीनएक अंश उतरलं असणार, असा हिशेब मी केला. आणि पंधरा पूर्णांक चार यासाठी की नुसतं पंधरा लिहिलं तर खोटं वाटलं असतं. खोट्याला दशांश चिन्ह लागतं, हे मला कोणी शिकवलं नव्हतं, आपोआप सुचलं. मिनिटाभरात उत्तर आलं: "नोंद मिळाली. धन्यवाद." आयुष्यात पहिल्यांदाच तो धन्यवाद मला टोचला.

दुसऱ्या सकाळी १५.१. तिसऱ्या सकाळी १५.६.

एवढं करून त्या तीन दिवसांत मी सुखात होतो, हेही कबूल केलं पाहिजे. मधल्या दिवशी काकीची म्हैस माळावरच व्याली. सगळं गाव भोवती गोळा झालं. ज्यांनी जन्मात म्हशीला हात लावला नव्हता ते मुंबईकर सल्ले देत होते. काकी ओरडत होती, "वायच बाजूक व्हा मेल्यांनो, तिका वारो लागांदे!" रेडकू उभं राहिलं तेव्हा टाळ्या पडल्या. संध्याकाळी फुगड्या झाल्या, भजन झालं, तिसल्यांचं, म्हणजे शिंपल्यांचं, कालवण झालं. मी भजनात झांज वाजवली. फक्त सकाळी साडेआठची पंधरा मिनिटं काजूखाली जायचो आणि तोंड पाडून परत यायचो.

चौथ्या दिवशी देवाने कौल दिला आणि गाव परतलं. घराचं कुलूप उघडायच्या आधी मी परसात गेलो. पेटी उघडली.

किमानाची खूण १८.२ वर होती.

तीन रात्रींतली सर्वांत जास्त थंडी अठरा पूर्णांक दोन. माळावर वारा होता; माडांच्या आडोशाला माझं परस उबदार राहिलं होतं. बिचाऱ्या खुणेने तीन दिवस कोणी नसताना आपलं काम केलं होतं आणि मी येईपर्यंत जागची हलली नव्हती. माझे कान तापले. मी एसटीच्या तिकिटाच्या मागे १८.२ एवढंच लिहिलं, ते पाकिटात देवाच्या फोटोमागे सारलं आणि चुंबकाने खूण परत पाऱ्यावर आणली.

दुरुस्ती त्याच दिवशी पाठवता आली असती. पाठवली नाही. आठवड्याने यादी जाहीर झाली, तीत आमचं केंद्र होतं. बायकोने ती यादी तिच्या माहेरी, माझ्या बहिणींना आणि सोसायटीच्या सेक्रेटरीलाही पाठवली.

महिनाभराने त्या बाईंचा लांबलचक मेल आला. तिने वर्तमानपत्रात आमच्या गावपळणीबद्दल वाचलं होतं आणि उत्सुकतेने माझ्या नोंदी काढून पाहिल्या होत्या. तिने लिहिलं होतं, "गाव रिकामं असतानाच्या तिन्ही रात्री तापमान सरळ तीन अंशांनी उतरलेलं आहे! एक चूल नाही, एक दिवा नाही, गोठ्यात गुरं नाहीत. गाव खरोखर निवलं. आमच्या वार्षिक बैठकीत मी हा आलेख दाखवणार आहे. आणि अशा वेळीही रोज गावात जाऊन वाचन घेतल्याबद्दल तुमचं किती कौतुक करावं!"

मी खुर्चीवर बसलो. माझ्या गोधडीतून निघालेल्या आकड्यांचं शास्त्र झालं होतं. आणि शेवटचं वाक्य तर त्याहून भयंकर. गावात गेलो असं म्हणावं, तर मी देवाचा हुकूम मोडलेला. गेलो नाही म्हणावं, तर मी खोटारडा. तिसरं काहीच उरलं नव्हतं.

बायको आत आली. मेल वाचून तिचा चेहरा उतरला.

"तुमी गावात गेल्लात?"

"नाय गो."

"मग सकाळी खंय गायब होत होतास? रोज पंधरा-वीस मिन्टा? माका वाटला पोट बिघडला."

"काजयेखाली. मेल पाठवूक."

"काय पाठवूक?"

मी सांगितलं. तिने फोन खाली ठेवला. मग म्हणाली, "मी ही यादी सगळ्यांका पाठवलंय." तिने दुसरं काही म्हटलं असतं तर बरं झालं असतं.

पण आमचं बोलणं अर्धंच कुंपणापलीकडे गेलं होतं. अर्धं म्हणजे "तुमी गावात गेल्लात?" एवढंच. काकी तिकडे रेडकाला बांधत होती. संध्याकाळपर्यंत तिठ्यावर बातमी पक्की झाली: हायस्कुलातला क्लार्क गावपळणीत गावात शिरला होता, डबा बघायला.

दुसऱ्या दिवशी हॉटेलात शिरलो तर गजाली बंद पडल्या. देवस्थानचे एक जुने मानकरी बाकावर बसले होते. त्यांनी समोरची जागा दाखवली.

"बस रे. माका सरळ सांग. गावपळणीत गावात गेल्लंस? गेलंस तर देवाक गाऱ्हाणा घालूक होया. तुझ्यासाठी न्हय, गावासाठी."

"नाय गेलंय."

"मग त्या पेटयेतला कोणी वाचला?"

"कोणीच नाय."

"मग लिवलंस काय?"

"मनातला."

"म्हंजे खोटा?"

"होय."

"तिनय दिवस?"

"तिनय दिवस."

मानकऱ्यांनी मांडीवर अशी थाप मारली की कपबश्या हलल्या. "शाबास! माका ठावक होता, हो देवाक घाबारता. हो गावात पाय टाकूचो नाय, खोटाच लिवतलो!"

हॉटेलभर हशा. कोपऱ्यातला एक जण उठला, हात जोडून, गाऱ्हाण्याच्या चालीत सुरू झाला:

"बा देवा म्हाराजा! आमच्या ह्या क्लार्काक तू खोटे आकडे लिवची बुद्धी दिलंस..."

"व्हय म्हाराजा!" सगळे.

"तशीच ती पुढेय ऱ्हवांदे, आणि सायबाच्या मशिनीक काय एक कळा नको..."

"व्हय म्हाराजा!"

जन्मात पहिल्यांदा खऱ्या गुन्ह्याची कबुली दिली, तर चहा मिळाला, वर भजी. मीही हसलो. सुटल्यासारखं वाटलं, नाही असं नाही. पण घरी येताना पेटी दिसली आणि पुन्हा जीव जड झाला. गावाचा गुन्हा मी केलाच नव्हता. त्याची माफी मिळून काय उपयोग? ज्यांचा केला होता ते दोघे बाहेर होते. एक ती बाई, आणि एक पिंगुळीला.

बाईंना मेल लिहायला चार वेळा बसलो. दर वेळी वाटायचं, आधी सरांना सांगावं. आणि सरांकडे जायचं म्हटलं की वाटायचं, आधी बाईंना कळवावं. असे दहा दिवस काढले. मग तिचा दोन ओळींचा मेल आला: बैठक सोमवारी आहे, आलेख सुरेख झाला आहे. तो शनिवार होता.

रविवारी सकाळचं वाचन पाठवून मी एसटीने कुडाळला आणि तिथून पिंगुळीला गेलो. सर ओटीवर बसले होते. वाळले होते, पण आवाज वर्गातलाच. मला बघून म्हणाले, "आलास? मीच निरोप पाठवणार होतो." आणि आत जाऊन एक पुठ्ठ्याचा खोका घेऊन आले. माझ्यापुढे ठेवला.

"उघड."

आत नवा कोरा तापमापक होता.

"तुझ्या नोंदी मी रोज इथे फोनवर बघतो," ते म्हणाले. "महिन्यामागे तीन दिवस पंधरा आलं. माडांच्या आडोशाला पंधरा? माझ्या सगळ्या वर्षांत नाही. म्हटलं, तापमापक बिघडला. मुलीला सांगून हा मागवून घेतला. तो जुना टाकून दे."

मी त्या खोक्याकडे बघत राहिलो. गावपळणीच्या तारखा त्यांना पिंगुळीला कळल्या नव्हत्या. त्यांनी तीन शक्यता ताडून पाहिल्या असतील, चार पाहिल्या असतील. यंत्र बिघडलं, पेटी सरकली, पारा मध्येच तुटला. मी बिघडलो असेन, हे त्यांच्या मनातच आलं नव्हतं. त्यापेक्षा त्यांनी नवा तापमापक आणला होता.

"सर," मी म्हटलं, "तापमापक चांगला आहे." आणि सगळं सांगितलं. काजूचं झाड, दशांश चिन्ह, यादी, बाईंचा आलेख.

ते हसले नाहीत, रागावलेही नाहीत. चष्मा काढून पुसत राहिले. आतून त्यांच्या मुलीने पोहे आणून ठेवले. आम्ही दोघांनी हात लावला नाही. मग चष्मा लावून त्यांनी विचारलं, आणि या वेळी मालवणीत, "परत इल्यावर खूण खंय होती?"

मी पाकीट काढलं. देवाच्या फोटोमागून एसटीचं तिकीट काढलं. "अठरा पॉइंट दोन."

सर एकदम ताठ बसले. "वाचलंस? डोळ्यांनी?"

"होय. लगेच लिहून ठेवलं."

"अरे मग तुझ्याकडे खरा आकडा आहे! तीन रात्रींचा मिळून एक, पण खरा! खिशात काय घेऊन फिरतोस?" त्यांनी पोह्यांची बशी ओढली. दोन घास खाल्ले. मग घास हातात तसाच धरून माझ्याकडे पाहिलं. "माझ्या वह्या कधी उघडल्यास?"

कान लाल झाले असावेत.

"घरी जा," ते म्हणाले. "मागच्या गावपळणीचं पान काढ. आणि हा खोका इथेच राहू दे. तुझा चांगला आहे तर हा मी इथे टांगतो. बघू कोण नेमाने वाचतो ते."

दुपारी घरी पोचलो. कपाटावर चढून गठ्ठा काढला. बायकोने खालून स्टूल धरलं. मागच्या गावपळणीचं वर्ष सापडायला अर्धा तास गेला. सरांचं मोत्यासारखं अक्षर, रांगेने आकडे. आणि मध्येच तीन ओळी कोऱ्या. त्या तिघींना मिळून एक महिरपी कंस आणि त्याच्यापुढे: "गाव बाहेर. वाचन नाही. किमान, तीन रात्री मिळून, १८.९."

बस्स, एवढंच. ही रीत माझ्याच कपाटावर पाच वर्षं धूळ खात पडली होती. पुढची-मागची पानं चाळली, तर कोऱ्या जागा आणखीही होत्या. "मुलीचं लग्न. वाचन नाही." "ताप. वाचन नाही." एका ठिकाणी फक्त, "विसरलो." ज्या अखंड नोंदीच्या मोहाने मी खोटं लिहिलं, ती अखंड नोंद सरांनी कधी ठेवलीच नव्हती.

मी तिथेच जमिनीवर बसून मेल लिहिला. यंत्राला नव्हे, बाईंना. म्हणून नमस्कारही घातला. त्या तीन सकाळींचे आकडे मी वाचलेले नाहीत, मी ते बनवले. मी गावात गेलो नव्हतो, जाणं शक्यही नव्हतं. ते काढून टाकावेत. तीन रात्रींचं मिळून खरं किमान १८.२, आमचं केंद्र यादीतून काढावं. लिहिता लिहिता हात सैल सुटला आणि आणखी एक कबुली दिली: दोन वर्षांपूर्वी गणपतीत एका सकाळी मी अकरा वाजता वाचन घेतलं होतं आणि साडेआठ लिहिलं होतं.

"ता कित्याक सांगतास?" बायको म्हणाली. "तेचा कोणी इचारल्यान नाय."

"असूं दे. एकदम सांगून टाकतंय."

"मग बावीस वर्सांपूर्वी माझ्या माहेरचो फणस तुमी फोडलात, ताय लिवा."

ते लिहिलं नाही. मेल गेला.

सोमवारी दिवसभर उत्तर नाही. मंगळवारी सकाळी साडेआठचा आकडा पाठवला; यंत्राने नेहमीसारखा धन्यवाद दिला, त्याला काही माहीत नव्हतं. बाईंचं उत्तर दुपारी आलं. तिने लिहिलं होतं की आलेख काढून टाकला. बैठकीला पोचायच्या तासभर आधी. तो फार सुंदर होता आणि त्याचं तिला वाईट वाटलं. कालचा दिवसभर तिला माझा रागही आला होता. यादी दुरुस्त केली आहे. शेवटी विचारलं होतं, "गणपतीतल्या त्या दिवशी अकरा वाजता वाचलेला आकडा तोच राहू द्यायचा ना?" मी कळवलं, होय, तो डोळ्यांनी वाचला होता.

जाळ्याच्या पानावर प्रत्येक केंद्राच्या नावापुढे दिवसांची चौकट दिसते; नोंद आलेला दिवस हिरवा, न आलेला पांढरा. आमच्या केंद्रासमोर पाच वर्षांची हिरवी शेती पसरली आहे आणि तिच्यात तीन पांढरी घरं. पिंगुळीचं नवं केंद्रही आता तिथे दिसतं. सर रोज आठ वाजून एकतीस मिनिटांनी पाठवतात आणि मला फोन करून विचारतात, "पाठवलंस?" त्यांची चौकट सगळी हिरवी आहे. मला जरा हेवा वाटतो.

गेल्या महिन्यात काकी दूध द्यायला आली होती. बायकोने तिला फोनवर ते पान दाखवलं. काकीने फोन लांब धरला, मग जवळ धरला.

"ह्या सगळा हिरवा कित्या? आणि ही तीन घरां पांढरी कशी?"

"ते दिवस आपण माळावर होतो," मी म्हटलं. "गावात कोण नव्हता. कोणी वाचला नाय."

"म्हंजे ही गावपळण?"

"होय."

काकीने बोट पुसलं आणि मधल्या घरावर ठेवलं.

"ह्या घरात माझी म्हस व्याली," ती बायकोला म्हणाली. आणि मग माझ्याकडे वळून, "ह्या कधी हिरवा करू नको हां."